मंगळावरच्या गाडीची खोड

मुरुम गावाच्या बाहेर, रस्त्याला लागून माझा एक प्लॉट आहे. जुने ट्रॅक्टर घेऊन विकायचा माझा धंदा. ते तिथं उभे असतात. गेल्या वर्षी त्या प्लॉटच्या मागच्या भागाचा मंगळ ग्रह झाला. माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिनं घरी येऊन जाहीर केलं की खडी, खड्डे आणि मातीचे ढीग एका जागी असलेली अशी झकास जमीन साऱ्या जिल्ह्यात नाही. त्या प्लॉटची तारीफ मी पहिल्यांदाच ऐकली, आणि तीही फुकटात वापरायला मागण्यासाठी.

भानगड अशी होती. देशभरातल्या कॉलेजांची एक स्पर्धा असते. पोरांनी मंगळावर चालेल अशी सहा चाकांची गाडी बनवायची. तिला रोव्हर म्हणायचं, गाडी म्हटलं की पोरं दुखावतात. तिला एक यांत्रिक हात असतो. त्या हातानं दगड उचलायचा आणि डब्यात टाकायचा. दगड उचलायला मंगळापर्यंत जावं लागतं हे मला माहीत नव्हतं. एरवी आमच्या जिल्ह्यातून वर जातात ती तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कारखान्यांतली रॉकेटं, आणि ती शेजाऱ्याच्या कडब्यावर उतरतात.

तो हात माझ्या मुलीनं बनवला होता. दिवाळीतही ती फराळाच्या ताटाशेजारी पान्हा घेऊन बसली. अंतिम फेरी बाहेरगावी, आणि तिथं निवडक संघांनाच बोलावणं. त्याआधी परीक्षक लॅपटॉपवरून गाडी चालताना बघणार आणि प्रश्न विचारणार. "फायनलला गेलो ना पप्पा, तर..." एवढंच ती म्हणायची. त्याच्यापुढं तिचं वाक्य जात नसे.

आता माझ्या शिक्षणाबद्दल. मी बैलबाजारात शिकलो. वडिलांनी एक शेळी दिली आणि हात झटकले. पुढचं सगळं मी बोलून कमावलं. बाजारात एक रीत आहे. ज्याला जनावर न्यायचंय तो खोडी काढतो. शिंग वाकडं, खूर पसरट, चालताना मागचा पाय ओढतोय. ज्याला न्यायचं नसतं तो पाठीवर हात फिरवतो, "लई देखणा हाय हो" म्हणतो आणि चहाला जातो. ट्रॅक्टरचंही तेच. भरपूर कौतुक करून गेलेलं गिऱ्हाईक परत आलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी लॅपटॉपवर दोन साहेब उगवले. गाडी ढिगावर चढली, हातानं दगड उचलला. पहिले साहेब चष्म्याचे. त्यांनी सुरुवात केली. चाकांची पकड कमी आहे. वजन फार आहे. हात थरथरतो. बॅटरी अशी उघड्यावर का? मुलीचं तोंड उतरत चाललं आणि माझं खुलत चाललं. न राहवून मी पोरांबरोबर आलेल्या कॉलेजच्या सरांच्या कानात सांगितलं, "सर, हे गिऱ्हाईक धरून ठेवा. माल पसंत हाय त्यांला."

"ते गिऱ्हाईक नाहीत, परीक्षक आहेत," सर म्हणाले. "तुम्ही जरा लांब थांबता का?"

माझ्याच प्लॉटवर मी लांब थांबलो.

मग दुसरे साहेब बोलू लागले. वा, वा. ग्रामीण भागातून एवढं! ग्रामीण मुलांची जिद्द! ग्रामीण असूनही हे कौशल्य! फारच सुंदर, असंच करत राहा. पोरं हरखली. सर हसू लागले. मला मात्र स्पष्ट दिसलं की हा माणूस चहाला निघालाय.

माझं डोकं फिरलं. मी पुढं होऊन लॅपटॉपसमोर उभा राहिलो.

"ओ साहेब, घ्यायचं नसंल तर सरळ सांगा. नुसती पाठ कशाला थोपटताय? खोडी काढा की! त्या साहेबांनी काढल्या न्हाईत का?"

"पप्पा!" मुलगी ओरडली.

दुसरे साहेब फार गोड आवाजात म्हणाले, "आपण संघात आहात का?"

"मी मंगळाचा मालक हाय."

चष्मेवाले साहेब खाली बघून हसले, मग गंभीर झाले. नियम असा होता की परीक्षा चालू असताना संघाबाहेरच्या कुणी बोलायचं नाही. बोललं तर संघ बाद. बोलणारा मी, आणि बाद झाला तो हात. असा न्याय बाजारातला चोरही करत नाही, पण शिकलेल्या लोकांचं वेगळं असतं.

पुढं गुण कळले. चष्मेवाल्यांनी भरभरून दिले होते. गोड साहेबांनी चिमूटभर. तरीही दोन्ही मिळून संघ अंतिम फेरीत बसत होता. मुलगी माझ्याशी बोलत नव्हती, तरी मी मोबाइल तिच्यापुढं धरला. "बघ. मी म्हणत होतो का न्हाय?"

"तुमचं बरोबर होतं पप्पा," ती म्हणाली. "तुम्ही चुकला असता अन् गप बसला असता, तर आमी फायनलला असतो."

यावर्षी ती पुन्हा आली. तिचं शेवटचं वर्ष, म्हणजे शेवटची संधी. तिला प्लॉट हवा होता.

"देतो," मी म्हणालो. "पण परीक्षेला मी हजर राहणार."

"त्या दिवशी तुम्ही बेंबळीला जायचं. कुणाचा तरी ट्रॅक्टर बघून या."

"प्लॉट माझा हाय."

"मग ऱ्हाऊ द्या. कॉलेजच्या ग्राउंडवर करू."

"तिथं खड्डे कुठं हायत?"

"खणू की."

आणि ती निघाली. खोटं खोटं निघालेलं गिऱ्हाईक मला पाठीवरून ओळखता येतं. त्याची चाल आपोआप मंदावते. हिची मंदावली नाही. ती गेटपर्यंत गेली, कडीला हात घातला.

"थांब," मी म्हणालो. "बेंबळीत बघण्यासारखा ट्रॅक्टर हाय एक."

मी खिशातून गेटची किल्ली काढून तिला दिली. त्या मूर्ख नियमाबद्दल माझं मत अजून तेच आहे, हेही सांगितलं. तिनं किल्ली मुठीत घेतली, पण हात पुढंच ठेवला.

"घरी दुसरी हाय ना? ती पण द्या."

संध्याकाळी दिली.