तबकाच्या कडेचं पान

फोंगचानला नाक जरा जास्तच दिलेलं होतं, आणि विचारायची खोड त्याहून जास्त. बाजारात पुदिन्याची जुडी ती नाकाला लावल्याशिवाय घेत नसे. सावलीत वाढला का, पाणी विहिरीचं की ओढ्याचं, आज खुडला की काल, असं विचारून विकणारीला भंडावून सोडायची. "आजी, पुदिना घ्यायला आलात की सून बघायला?" असं एकीनं तोंडावर विचारलं होतं. फोंगचान हसली आणि तिनं आणखी दोन प्रश्न विचारले.

उत्तर थायलंडातल्या नान नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या तिच्या गावात लाब करणं हे पुरुषांचं काम. डुकराचं मांस जाड लाकडी ठोकळ्यावर दोन सुऱ्यांनी बारीक चेचायचं. चुलीवर टांगून वाळवलेलं तिरफळ, सुकी मिरची, पिंपळी, चक्रीफूल भाजून पूड करायची. मग सगळं कालवून कढईत परतायचं. बायकांच्या वाट्याला पाला. पुदिना, दातेरी कोथिंबीर, लिंबाची कोवळी पानं आणि बांधावरचं, ओढ्याकाठचं काय काय खुडून, धुऊन लाकडी तबकात रचायचं. लाबाच्या घासागणिक एकेक पान तोंडात टाकतात. पुरुष पुडीवरून तासन् तास वाद घालत, पण पाल्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. तबकात आहे ते खायचं, नाही ते मागायचं नाही. मागणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान.

फोंगचानच्या नवऱ्याच्या, इन्थाच्या लाबाचं पंचक्रोशीत नाव होतं. नवं घर असो, बारसं असो, लोक आधी विचारत, लाब इन्था करणार ना? तोही मोठ्या ऐटीत सुरे घेऊन बसायचा. नवराबायकोचं तसं छान चाललं होतं. एका गोष्टीवरून मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. इन्थाला आवडायचं खाव-तोंग. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं, खालून तांबूस, आणि चुरडलं की कच्च्या मासळीचा वास मारणारं पान. त्याचं रोप तो लग्नानंतर नदीपलीकडून, आपल्या आईच्या अंगणातून घेऊन आला होता. फोंगचान नाक मुरडायची. "एकदा खाऊन तर बघ," तो म्हणायचा. "मासळी खायची असेल तर मासळीच खाईन की," ती म्हणायची. तरी त्याच्यासाठी खुडायची, दोन बोटांनी धरून, आणि तबकाच्या पलीकडच्या कडेला, त्याच्या गुडघ्याशी ठेवायची.

इन्था गेला. सुरे जावयाकडे, सिंगकेवकडे आले. सिंगकेव काही नवखा नव्हता. सासऱ्याच्या शेजारी बसून त्यानं वर्षानुवर्षं मांस चेचलं होतं, पूड कुटली होती. पण इन्थाच्या पहिल्या वर्षश्राद्धाला लाब वाढला आणि पंगतीतले लोक एकमेकांकडे बघू लागले. इन्थाचे जिवाभावाचे दोस्त मून, त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "बरा झालाय हं."

बरा! सिंगकेवचा चेहरा पडला.

पुढच्या प्रत्येक जेवणाला तेच. कुणी म्हणे तिरफळ कमी, कुणी म्हणे मिरची कमी भाजली. सिंगकेवनं तिरफळ वाढवलं, कमी केलं, दुसऱ्या डोंगरावरून आणलं. लोक आपले "बरा झालाय" म्हणायचे. आणि या सगळ्यात एकटी फोंगचान सांगत होती, "अरे, तसाच तर झालाय. अगदी त्याच्यासारखा."

"आई, तुम्ही माझी समजूत काढताय."

"मी? मी तर त्याचीसुद्धा कधी काढली नाही."

कुणाचा विश्वास बसेना. म्हातारीची जीभ गेली, असं बायका कुजबुजल्या. ते फोंगचानच्या कानावर आलं आणि ती पहिल्यांदाच घाबरली. जीभ गेल्याचं तिला वाईट वाटलं नसतं. पण साऱ्या गावाला इन्थाचा हात आठवतो आणि आपण, त्याची बायको, तोच विसरलो की काय, हा विचार तिला झोपू देईना.

अशात लेकीचं, सेंगलाचं नवं घर बांधून झालं. घरभरणीला अख्खं गाव जेवायला येणार. सिंगकेव म्हणाला, "आई, मी शहरातून आचारी बोलावतो. माझ्या स्वतःच्या घरात मला 'बरा झालाय' ऐकायचं नाही."

"आणि सुरे?"

"टांगून ठेवीन."

"आधी मला एकदा नीट बघू दे," फोंगचान म्हणाली. "सगळं गाव चुकतंय की मी, ते तरी कळेल. आदल्या दिवशी थोडासा कर. मूनभावजींना बोलवते."

आदल्या दिवशी सिंगकेवनं पडल्या चेहऱ्यानं लाब केला. फोंगचाननं कढईतूनच चव घेतली. तिरफळाची झिणझिण, पिंपळीचा तिखटपणा, मागून येणारा धुराचा वास. तसाच होता. शपथेवर सांगितलं असतं तिनं.

मून आले, हात धुऊन तबकासमोर बसले. फोंगचान समोरच ठाण मांडून बसली.

"वहिनी, असं रोखून बघू नका. घास उतरत नाही."

"उतरेल. मला एवढंच सांगा, कमी कुठं लागतंय? तोंडात घेताच, चावताना, का गिळल्यावर?"

"हे काय विचारणं झालं?"

"माझं विचारणं असंच असतं. सांगा."

मूननी घास चावला, डोळे मिटले. "गिळल्यावर," ते म्हणाले, आणि आपल्याच उत्तराचं त्यांना नवल वाटलं. "इन्थाचा लाब गिळला की नाकातून वर काहीतरी थंडगार यायचं. मग लगेच दुसरा घास घ्यावासा वाटायचा."

"थंडगार? त्याच्या पुडीत थंड असं काय होतं?"

"ते मला काय माहीत? पूड तो करायचा."

फोंगचान विचारात पडली. पुडीतलं सगळं उष्ण. ती त्यांच्या खाण्याकडे बघत राहिली. मूननी चिकट भाताचा गोळा केला, त्यात लाब उचलला आणि बोलता बोलता डावा हात तबकाच्या कडेला नेला. कडेला काही नव्हतं. बोटांनी तिथलं लाकूड चाचपलं, क्षणभर थांबली आणि परत येऊन पुदिना उचलून गेली. मूनना त्याचा पत्ताही नव्हता. पुढच्या घासाला हात पुन्हा तिथंच गेला.

"भावजी, तुमचा हात काय शोधतोय?"

"कुठला हात?"

फोंगचान उत्तर द्यायला थांबलीच नाही. गुडघ्यांची कुरकुर न ऐकता ती जिना उतरली. इन्था गेल्यावर, खाणारा गेला आता खुडायचं कुणासाठी, म्हणून तिनं ते पान तबकात ठेवणं सोडून दिलं होतं. ते फक्त इन्थाच खातो असं ती धरून चालली होती. त्याच्या शेजारी बसणारे सगळेच त्याच्या गुडघ्याजवळून एकेक उचलत होते, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कशी, त्या कडेला वास येतो म्हणून ती तोंड फिरवून बसायची.

पाण्याच्या रांजणाखालच्या ओलीत खाव-तोंग माजलं होतं. तिनं मूठभर खुडलं, धुतलं आणि तबकाच्या कडेला ठेवलं.

मूननी पान उचललं, लाबाबरोबर तोंडात टाकलं, गिळलं. लगेच दुसऱ्या घासाला हात घातला.

"आला," ते म्हणाले. "वहिनी, इन्था आला."

सिंगकेव कढईपाशी उभा होता. "म्हणजे माझ्या लाबात काही चुकत नव्हतं?"

"तीन वर्षं तेच सांगतेय ना मी!" फोंगचान त्याच्यावर खेकसली. "पुडीतच डोकं घालून बसलात सगळे. पाल्याकडे बघायला काय डोळे दुखतात पुरुषांचे?" आणि मग, स्वतःच्या पदरातही माप घालून, "माझेही दुखले म्हणा," असं पुटपुटली.

घरभरणीला सिंगकेवनं सकाळपासून सुरे चालवले. प्रत्येक तबकाच्या कडेला पानं होती. "बरा झालाय" असं कुणीच म्हटलं नाही. लोकांनी पुन्हा मागून घेतला आणि सिंगकेवचं कौतुक करत त्याला दारू पाजून पाजून बेजार केलं. त्याची पूड आता जमली, असाच सगळ्यांचा समज झाला. मूननीही तोंड उघडलं नाही.

पाहुणे पांगल्यावर फोंगचान लेकीशेजारी जेवायला बसली. भाताचा गोळा केला, लाब उचलला आणि हात लांब करून कडेचं एक पान घेतलं. सेंगला बघतच राहिली. फोंगचाननं श्वास रोखून घास तोंडात घातला. आधी मासळी आली. मग तिरफळानं जीभ झिणझिणली, त्यात मासळीचा वास कुठं विरला ते कळलं नाही, आणि गिळल्यावर नाकातून वर काहीतरी थंडगार, स्वच्छ निघून गेलं. एवढा सगळा संसार झाला, आणि इन्थाचा लाब ती आज पहिल्यांदा खात होती.

"कसं लागतंय, आई?"

फोंगचाननं घास संपवला. डोळे भरून आले होते, ते तिनं पुसलेही नाहीत.

"एकदा खाऊन बघ म्हणायचा," ती म्हणाली, आणि कडेचं दुसरं पान उचललं.