खाडीकाठच्या संग्रहालयातलं मीठ

धरमतरच्या खाडीवर मिठागरांचं संग्रहालय बांधायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "तिथं मीठ पिकंल का गो?"

जन्मभर मिठाच्या आगरात राबलेला माणूस. उधाणानं बांध फुटला, आगर खाडीनं गिळलं आणि बाबा रोह्याजवळ वरसेला माझ्या फ्लॅटवर आले. दिवसभर खिडकीशी बसून आज वारा कुठला ते मला सांगायचे. मला काय करायचाय तुमचा वारा, असं मी वैतागून म्हणायची.

आता त्या वाऱ्याशीच गाठ होती. खाऱ्या हवेनं मांडलेल्या वस्तूंचं लोखंड गंजतं, कापडाला बुरशी येते. म्हणून जोतं भरतीच्या वर, भिंती जाड, छप्पर रुंद, खाडीकडे एकही खिडकी नाही. मिठाला हवं नेमकं उलटं. ऊन हवं, वारा हवा, भरतीचं पाणी हवं. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, प्लास्टिकचं मीठ ठेवू, कुणाला कळतंय!" माझं डोकंच फिरलं. बाबांना कळणार होतं ना! त्यांची नजर अधू होत चालली होती, चार पावलांत दम लागायचा. नजर पुरती जाण्याआधी त्यांना एकदा पिकलेलं मीठ दाखवायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

शेवटी नकाशातलं एक अख्खं दालन मी उडवलं आणि तिथे उघड्यावर मिठाचा एक वाफा काढला. तळ यंत्रानं दाबायला बाबांनी साफ नकार दिला. आगराचा चिखल पायांनीच तुडवायचा, सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून, नाहीतर भेगा पडतात. पण पूर्वी त्यांच्याबरोबर तुडवणारं आता कोण उरलं होतं? मग मी, कामावरच्या बाया आणि पँट दुमडून तो ठेकेदारसुद्धा उतरला. बाबा खुर्चीवरून ओरडत होते, "टाच मार गो, टाच! वरातीत आलीस काय?" त्या दिवशी ते पोटभर हसले.

मीठ पिकलं तेव्हा बाबा दवाखान्यात होते. घरी आल्यावर गाडी करून त्यांना घेऊन गेले. तोवर संग्रहालय सुरू झालं होतं. लोक मीठ खिशात घालायचे म्हणून वाफ्याभोवती दोर बांधला होता. मी तिकीट खिडकीशी बोलत होते, बाबा सावकाश पुढे गेले. "पिकलं गो!" त्यांचा आवाज आला. मग दोराखालून वाकून त्यांनी मूठभर मीठ उचललं.

"आजोबा, हात नाय लावायचा," रखवालदार म्हणाला. पोरगा नवा होता, बोलला अगदी अदबीनं.

बाबांनी मूठ उघडली, मीठ होतं तिथे ठेवलं, हात धोतराला पुसले. "चुकलं साहेब." आगराच्या मालकाशी बोलायचे, तोच आवाज.

मी धावत गेले, म्हटलं, अरे हे माझे वडील, घेऊ दे त्यांना. तो बिचारा ओशाळला, दोर सोडायला लागला. बाबांनी मात्र पुन्हा हात पुढे केला नाही.

"ऱ्हाऊ दे गो," म्हणाले. "आपलं थोडंच हाय ते."