जत्रेतली करंडी

म्हसवड सोडले त्या सकाळी आईने माझ्या हाती झाकणाची करंडी दिली. आम्ही बुरूड, घरात विणलेले सारे बाजारासाठी असे. ही मात्र तिने माझ्यासाठी विणली होती. बांबूच्या बारीक पट्ट्या, मधूनमधून किरमिजी रंगवलेल्या, झाकणावर आठ पाकळ्यांचे फूल. आत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

"कुणी इचारलं तर सांग, आईनं केलिया."

"हसतील गं."

"हसूंदेत. रिकामी तर न्हाई धाडली?"

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. सांगलीत हळदीच्या पेढीवर कारकुनी मिळाली आणि एका घराच्या माडीवर खोली. घरमालकीण काकूंनी पहिल्याच दिवशी करंडी न्याहाळली. "अगं बाई, किती सुबक! कुठून आणलीस रे?"

"जत्रेतून घेतली," मी म्हणालो. बुरडाच्या मुलाला खोलीत राहू देतील का, या भीतीने. पुढे खरे सांगणे मी रोज उद्यावर ढकलत गेलो.

वर्षाने आई मला पाहायला आली. काकूंनी चहा दिला आणि करंडी पुढे ठेवली. "तुमच्या जत्रेत फार सुंदर जिन्नस मिळतात हो!"

आईने माझ्याकडे पाहिले. मला बोलता आले असते.

"व्हय जी," ती हसून म्हणाली, "लय चांगल्या येत्यात. ह्याला मातर भाव करता येत न्हाई. फसला आसंल."

काकू खळखळून हसल्या. करंडीच्या काठाची एक पट्टी सुटली होती. परक्या दारातल्या टोपलीचीही सुटलेली पट्टी आई जाताजाता आत खोचत असे. त्या दिवशी तिने चिरा पडलेली, काळवंडलेली बोटे पदराखाली घेतली. चहा तसाच गार झाला.

मोटारीत बसताना ती एवढेच म्हणाली, "खोली चांगली हाय रं. सोडू नगंस."

परतल्यावर मी काकूंना सारे सांगितले. त्यांनी करंडी उचलून पुन्हा पाहिली. मग म्हणाल्या, "अरे, त्यांच्यासमोर का नाही सांगितलंस?"

पुन्हा सांगलीला यायला आईला सवड झाली नाही. मग ती राहिलीच नाही.

गावी राहिलेल्या भावंडांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, पन्नाशी उलटून गेल्यावर हे लिहितो आहे. आज सांगलीत माझे स्वतःचे घर आहे. पण ज्या छपराखाली आपल्या आईला कप उचलायलाही हात बाहेर काढता येत नाही, तिथे आपण नुसते राहत असतो.