लक्ष्मीबाईंच्या दारात

कंधारजवळच्या एका खेड्यात सिंधु आणि अमृतराव यांचं घर. आठ एकर रान, एकुलती लेक पुनम. तिला लोह्याला दिलेली. लग्नाला वर्ष होत आलं आणि तिला डेंगीचा ताप आला. चौथ्या दिवशी संध्याकाळी जावयाचा फोन आला, ताप हटत नाही म्हणून. अमृतराव म्हणाले, सकाळी जाऊ. सकाळी ते पोहोचले तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती.

सिंधु नवऱ्याला एका शब्दानं बोलली नाही. पण त्यांच्या तोंडाकडं बघणं तिनं सोडलं. ताट वाढायची आणि पाठ फिरवायची. भेटायला येणारे काहीबाही समजावून जायचे. कुणी नशीब म्हणायचं, कुणी मागचा जन्म काढायचं. त्यातच एक दिवस श्रीमंत महाराज आले.

नाव श्रीमंत, पण जवळ एक कापडी पिशवी, दोन धोतरं आणि एक पोथी. मठ नाही, जीप नाही. पंचाहत्तरी उलटलेली, त्यामुळं एसटीत तिकीट लागत नसे. नांदेड आणि लातूरच्या खेड्यांतून ते फिरायचे आणि ज्या घरातलं माणूस गेलंय तिथं जाऊन बसायचे. सिंधुनं त्यांना विचारलं, माझीच लेक का गेली? महाराज म्हणाले, "मला म्हाईत न्हाई, माय."

इतक्या दिवसांत असं कुणी बोललं नव्हतं. आठ दिवस महाराजांसोबत जाऊन येते, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. अमृतरावांनी मान हलवली. त्या आठ दिवसांची तीन वर्षं झाली. दिवाळीला ती पाहुण्यासारखी येऊन जायची.

महाराजांचं शिकवणं वेगळंच होतं. देगलूरकडं एका घरातला तरणा मुलगा गेलेला. दिवसभर ते ओसरीवर नुसते बसून राहिले. पोथी का उघडली नाही, असं सिंधुनं विचारलं तर म्हणाले, आधी ह्या घरात चूल पेटू दे, पोथी कुठं पळून जात नाही. मग सिंधुच उठली, शेजारून पीठ आणलं आणि भाकरी थापल्या. त्या मुलाच्या आईनं अर्धी भाकरी खाल्ली तेव्हा महाराज उठून पुढच्या गाडीला निघाले.

मुदखेडजवळच्या एका घरातली सून अगदी पुनमसारखी हसायची. सिंधुचा पाय तिथून निघेना. ती तिची वेणी घालायची, तिला पोरी पोरी म्हणायची. तिसऱ्या दिवशी महाराजांनी पिशवी उचलली. मुदखेडच्या फलाटावर सिंधु रागानं रडायला लागली. महाराज म्हणाले, "रडायचं तर पुनमसाठी रड. त्या लेकरावर तुझं ओझं टाकू नको." तिला ते फार लागलं. पण गाडी येईपर्यंत ती खरोखरच पुनमसाठी रडली. लेक गेल्यापासून पहिल्यांदा.

तिसऱ्या वर्षी संक्रांतीनंतर महाराज म्हणाले, उदगीरला जायचंय. कुणाकडं ते सांगितलं नाही. मोंढ्यामागच्या गल्लीत एका पत्र्याच्या घरापुढं ते थांबले. दारात एक म्हातारी सुपात तूर निवडत होती. मोंढ्याच्या बाजारात धान्य निवडून जन्म काढलेली बाई, बोटं वाकडी झालेली. महाराजांनी हात जोडले.

"लक्ष्मी, मी श्रीमंत. माफी मागायला आलो."

ती त्यांची बायको होती. महाराजांना बायको होती, हे सिंधुला त्या क्षणी कळलं. लक्ष्मीबाईंनी सूप खाली ठेवलं आणि नवऱ्याशी न बोलता सिंधुला विचारलं, "ह्यांच्यासंगं फिरता का तुमी? मग ऐकून ठेवा हे का गेले ते. आमचं लेकरू पाळण्यात गेलं. मी लई रडायची. ते ह्यांना ऐकवना. एक दिवस उठून गेले. लोक म्हणले, वैराग्य."

सिंधु महाराजांकडं बघत राहिली. ते नाही म्हणतील असं तिला वाटत होतं.

"खरं हाय," महाराज म्हणाले.

लक्ष्मीबाई आत गेल्या, तांब्याभर पाणी घेऊन आल्या. "माफ करणं मला जमणार न्हाई. पाणी पिऊन जावा."

महाराज पाणी प्याले, तांब्या उंबऱ्याशी ठेवला आणि निघाले. स्टँडवर ते बाकड्यावर टेकले. ते म्हणाले, "पन्नास वर्षं लोकांच्या दुःखात जाऊन बसलो. तिच्याजवळ एक दिवस बसलो न्हाई."

सिंधुनं मग त्यांना कधी न सांगितलेलं सांगितलं. त्या संध्याकाळचा फोन, सकाळी जाऊ म्हणणारे अमृतराव, घरात मागं राहिलेले अमृतराव. महाराजांनी ऐकून घेतलं. कंधारची गाडी लागली तेव्हा त्यांनी स्वतः तिची पिशवी आत नेऊन ठेवली. ती दोघांची शेवटची भेट.

घरी अमृतराव चुलीपुढं बसून भाकरी भाजत होते. जाड, कडेला करपलेली. त्यांनी तिला बघितलं आणि आणखी एका भाकरीचं पीठ काढलं. पुढंही कित्येक दिवस ते आपले कपडे आपण धुवायचे, आपलं ताट आपण घासायचे. एकट्या माणसाची सवय.

महिनाभरानं दोघं रानात तूर कापत होते. सिंधु विळा थांबवून म्हणाली, "त्या सांजंला मला बी वाटलं होतं, सकाळी जाऊ. तुमी तोंडानं बोललात, एवढंच."

अमृतराव बांधावर बसले. "तू काहीतरी बोलशील म्हणून वाट बघून राहिलो मी," ते म्हणाले. "शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं." आणि तोंडावर टॉवेल धरून रडले. सिंधुनं त्यांना समजावलं नाही. त्यांचं रडणं सरेपर्यंत शेजारी बसून राहिली.

श्रावणात एका अनोळखी माणसाचा फोन आला. देगलूरच्या पलीकडं एका देवळात महाराजांनी प्राण सोडला होता. गावकऱ्यांनी सगळं उरकलं होतं, पोथीत सिंधुचा नंबर सापडला म्हणून कळवलं. उदगीरला सांगायला कुणी जाणार नव्हतं, म्हणून सिंधु निघाली. मी येतो, म्हणत अमृतरावांनी पायात चपला घातल्या.

लक्ष्मीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. एकटेच होते का, एवढंच विचारलं. गावातली माणसं जवळ होती, असं सिंधुनं सांगितलं. त्या थोडा वेळ भिंतीला टेकून बसल्या. मग उठत म्हणाल्या, "पाणी तापवायला पायजे. सुतक हाय मला."

अमृतराव बाहेर गल्लीत जाऊन उभे राहिले. न्हाणीत लक्ष्मीबाईंच्या वाकड्या बोटांना तांब्या उचलेना, तेव्हा सिंधुनं तो घेतला. दोन तांब्यांपर्यंत त्या गप्प होत्या. तिसरं पाणी डोक्यावरून ओघळलं आणि त्या मोठ्यानं रडायला लागल्या. सिंधु हळूहळू पाणी घालत राहिली.