मास्तरांची नागरी तार

आमच्या तारमास्तरांची उजव्या हाताची दोन बोटं कधी स्वस्थ बसली नाहीत. चहाच्या बशीवर, सुपारीच्या डबीवर, समोरच्या माणसाच्या खांद्यावरसुद्धा त्यांचं तारयंत्रासारखं कट्ट-कड चालायचं. तीस वर्षं इंग्रजी तारा पाठवलेला माणूस! यंत्राचा आवाज ऐकून पलीकडे कोण बसलंय ते सांगायचे. "भुसावळवालाले आज ताप शे," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी भुसावळवाला खरोखर रजेवर. आम्हाला मेली अक्षरंच धड ऐकू यायची नाहीत.

मी त्यांच्या हाताखाली आलो तो साठ सालाच्या आसपास, नवापूरकडच्या एका लहानशा तार ऑफिसात. सरकारने तेव्हा देवनागरी अक्षरांसाठी कट्ट-कडची नवी लिपी काढली होती. तिला नागरी तार म्हणत. मी ती शिकून आलो होतो आणि मास्तरांनाही शिकवायची, असा वरून हुकूम होता. मास्तरांनी पुस्तक घेतलं आणि खालच्या खणात टाकलं. "मन्हा बोटेसले इंग्रजी पाठ शे. आते म्हातारपणी त्यासले नवी बोली शिकाडू?" म्हणाले. खरी गोष्ट निराळी होती. तीस वर्षांत ज्याची चूक कुणी काढली नाही, त्याला माझ्यासारख्या पोरसवद्यासमोर चुकायचं नव्हतं. मीही काही कमी शहाणा नव्हतो. एकदा खिडकीत माणसं उभी असताना मी मोठ्याने म्हणालो, "मास्तर, हे तुम्हाला यायला पाहिजे." त्यावरून वाजलं आमचं. मी तणतणत रजा टाकली आणि बहिणीकडे धानोऱ्याला निघून गेलो.

त्याच रजेत ते घडलं. मला नंतर मास्तरांनीच सांगितलं. चिंचपाड्याच्या बाजूचा एक कोकणी आदिवासी शेतकरी तार घेऊन आला. घरात बोली वेगळी, पण ऑफिसात तो शाळेतली मराठी जपून बोलायचा. बायको अत्यवस्थ होती, मुलगा नाशिककडे धरणाच्या कामावर. फॉर्म त्याने स्वतः मराठीत लिहिला होता. "साहेब, पोराला इंग्रजी येत नाही. माझंच लिहिलेलं पाठवा." मास्तर म्हणाले, नागरी-बिगरी इथं काही होत नाही. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी इंग्रजी फॉर्म स्वतः भरला आणि तार तिथल्या तिथे पाठवली. माणूस हात जोडून गेला.

पंधरा दिवसांनी तो परत आला तेव्हा मी रजेवरून येऊन टेबलाशी होतो. खिशातून चुरगळलेली तार काढून त्याने मास्तरांपुढे ठेवली. "साहेब, यात काय लिहिलंय ते वाचून दाखवा."

मास्तरांनी वाचलं. "आई अत्यवस्थ. ताबडतोब ये."

"एवढंच ना? पोरगा दोन दिवस ही खिशात घेऊन फिरला, साहेब. मुकादमाला वाचता येईना, दुकानदाराला येईना. शेवटी धरणावरच्या एका साहेबाने वाचून दाखवली. तो पोचला तेव्हा माती देऊन झाली होती." त्याने तार घडी घालून पुन्हा खिशात ठेवली आणि गेला. अरे, दोन शिव्या तरी घालायच्या होत्यास बाबा!

दोन दिवस मास्तरांची बोटं हलली नाहीत. मला ते बघवेना. मी म्हणालो, "मी रजेवर गेलो नसतो तर..." ते म्हणाले, "तू ऱ्हाता तरी मी तुले पाठवू देतू नही." तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खालच्या खणातलं पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. "शिकाड मले. आणि चुकनू तर सगळासमोर सांग."

फार हाल झाले हो. अक्षरं जमायची, मात्रा आली की बोटं सवयीने इंग्रजी वळणावर जायची. मी सगळ्यांसमोर सांगायचो, कारण तसं वचन होतं, पण मान खाली घालून. मास्तरांच्या घामाने तार वाजवायची ती पितळी 'की', म्हणजे यंत्राची कळ, ओली होई. जेवताना ताटाच्या काठावर वाजवत बसत. त्यांच्या घरच्या मला म्हणाल्या, "भाऊ, हाई काय लाई दिन्हं तुम्ही त्यासना मांगे?" चार महिने लागले. नागरी तारा मग तेच घ्यायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. आणि बाजाराच्या दिवशी खिडकीतून रस्त्याकडे बघत राहायचे. तो माणूस पुन्हा कधी आला नाही.

निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाले, माणसं गेली. मास्तर टेबलाशी बसले आणि त्यांनी 'की'ची वायर लाइनवरून सोडवली, म्हणजे वाजवलेलं बाहेर कुठे जाणार नव्हतं. डिंकाच्या बाटलीखालून एक पिवळा पडलेला फॉर्म काढला. त्या शेतकऱ्याच्या हातचा! इतकी वर्षं तिथेच होता. मग त्यांनी 'की' वाजवायला सुरुवात केली, सावकाश, प्रत्येक मात्रा नीट देत. सवयीने मी पेन्सिल उचलली आणि ऐकून लिहून घेतलं:

"बाळा आई तुझं नाव घेते. असशील तसा ये."

एकही चूक नव्हती. मास्तर माझ्याकडे बघत होते. मी नेहमीसारखं म्हणालो, "बरोबर आहे, मास्तर." आणि आम्ही दोघंही रडलो.