शिबिरात मी सांगितलेली मुलगी

तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातच होतं आणि मेडशीच्या पुढच्या एका गावात मी चौथीला शिकवत होते. नोकरीचं दुसरं वर्ष. सगळं आपल्यालाच कळतं असं वाटण्याचं वय, आणि तोंड माझं पहिल्यापासूनच सैल.

दिवाळीच्या आधी माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई विहिरीत पडून गेली, आणि तेव्हापासून मुलगी बोलेनाशी झाली. पाटीवर सगळं बरोबर लिहायची, पण तोंडातून शब्द नाही. घरीही नाही. एकदा तिचा बाप शाळेच्या दारात येऊन म्हणाला, "बाई, पोरगी बोलतच नाई त शायेत कायले ठिवू? घरी लहान्याले तरी पाहीन. होळीलोक वाट पाहतो." होळीपर्यंतची मुदत देऊन, आत न येताच तो गेला.

त्याच सुमारास आमच्या शाळेत शिक्षकांचं शिबिर भरलं. विषय 'बालकाचे मन'. आजूबाजूच्या गावांतून तीसेक मास्तर सायकलींवर आले, साहेब जीपमधून. साहेब दोन तास फळ्यावर मनाची वर्तुळं काढत होते. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मान मात्र मी डोलावत होते. मग ते म्हणाले, आपापल्या वर्गातलं एखादं उदाहरण सांगा.

मी उठले आणि नाव न घेता त्या मुलीचं सांगितलं. यांच्याकडे काही उपाय असला तर पोरीची शाळा वाचेल, असं खरंच वाटत होतं. पण तीस जण आपल्याकडे बघताहेत याचीही मजा वाटत होती, का नाही म्हणू? त्या भरात बोलून गेले, "पाय घसरला असं घरचे सांगतात, सर. गाव वेगळंच बोलतं."

मग काय, चर्चेला ऊत आला. कोणी म्हणे छड्या द्या, कोणी म्हणे दृष्ट काढा, एक म्हणे जीभ डॉक्टरला दाखवा. साहेबांनी एक लांबलचक शब्द सांगितला. तो मी वहीत लिहून घेतला आणि पुढे कधी वापरला नाही.

"बाई, पानी सरलं. अजून आनू का?"

दारात ती उभी होती, हातात रिकामी कळशी. पाहुण्यांना पाणी द्यायला मीच तिला नेमलं होतं, कारण ती गडबड करत नाही. कधीपासून ऐकत होती कोण जाणे. हेडमास्तर जेवणाचं बघायला गेलेले, त्यामुळे ही तीच, हे तिथं फक्त मला ठाऊक. साहेब म्हणाले, "आण बाळ." मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं आणि तोंडही लपवावंसं वाटत होतं. मी नुसतीच खाली बसले.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा गप्प. मी गोंजारलं, रागावले, विनवण्या केल्या. ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

होळी झाली आणि बाप आला. मी म्हटलं, "अहो, बोलली ती! मी माझ्या कानांनी ऐकलं."

तो तिच्याकडे वळला. "काहून वं, बोलली का तू?"

ती माझ्याकडे बघत राहिली. शिबिरानंतर पहिल्यांदाच.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तुमी शिकेल-सवरेल मानसं. खोटं कायले बोलता?"

तिनं पाटी उचलली आणि त्याच्यामागून निघाली.