रशीदभाईंचा संशय

रशीदभाई गेल्याचं मला लसीकरणाच्या टेबलावरच कळलं. महिना झाला. गडमुडशिंगीत शिलाई मशीन दुरुस्त करणारा हा माणूस. मी तिथली नर्स, आणि चार वर्षं त्यांनी माझ्याकडं संशयानंच बघितलं…

त्यांचा साहिल नऊ महिन्यांचा असताना गोवरची लस मी टोचली. पुढं तो बोलेना, हाकेला वळेना. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं. रशीदभाईंनी मोबाईलवर काहीबाही वाचलं आणि मला उपकेंद्राच्या दारात गाठलं. "बाई, ह्ये तुमच्या सुईनंच झालंय." मी समजूत घातली खरी, पण सगळे गेल्यावर रजिस्टर काढून त्या दिवसाची नोंद दोनदा तपासली. संशय मलाही शिवला होता.

मग शाहीन झाली. तिला एकही लस नको म्हणाले. ती वर्षाची झाली आणि शेजारच्या गल्लीत गोवर निघाला. मी हट्टानं त्यांना कोल्हापुरातल्या एका बालरोगतज्ज्ञांकडं नेलं.

"ह्ये सगळं कंपनीवालंच सांगत्यात न्हवं?" रशीदभाईंनी आधी हेच विचारलं.

"वेगवेगळ्या देशांत लाखो मुलं तपासलीत," डॉक्टर म्हणाले. "लस घेतलेली आणि न घेतलेलीही. ऑटिझमच्या प्रमाणात फरक सापडला नाही. ज्या लेखानं ही भीती पसरली तो खोटा ठरला, मागं घ्यावा लागला."

"मग माज्या पोराला कशानं झालं?"

"नेमकं नाही सांगता येत. बरंचसं जन्माआधीच ठरलेलं असतं. खुणा मात्र लशींच्याच वयात दिसू लागतात, म्हणून लशीवर आळ येतो."

परतताना ते एवढंच म्हणाले, "म्हाईत न्हाय म्हणणारा पयलाच डॉक्टर भेटला."

दोन दिवसांनी त्यांनी मला दुकानात बोलावलं. मोबाईलवर ईदचा जुना व्हिडिओ लावला. लशीच्या आधीचा, साहिल आठ महिन्यांचा. सगळे त्याला हाका मारतायत आणि तो एकटक पंख्याकडं बघतोय… "आदीपास्नंच व्हतं, बाई. मीच बघितलं न्हाय." पुढच्या बुधवारी ते शाहीनला घेऊन आले. बाटलीवरची तारीख स्वतः वाचली, मगच तिचा दंड पुढं केला.

परवा मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी मुमताजभाभी सांगत होत्या, "टोचून आणल्यावर महिनाभर रोज सकाळी हाक मारून बघायचे. ती वळायची, हसायची. तरी दुसऱ्या दिवशी परत तेच, शाहीन, शाहीन…"

उंबऱ्यात खेळणारी सहा वर्षांची मुलगी आपलं नाव ऐकून वळली आणि आमच्याकडं बघू लागली.